वाळूत पहिल्यांदा गाडी घालताना: अमिरातीतल्या ग्रुप ड्राइव्हची तयारी

दसऱ्याला गाडीला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, की आमच्या शारजातल्या मंडळींत दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, "फोर-बाय-फोर घेऊन दोन वर्षं झाली, अजून वाळूत गेली नाही. यंदा न्यायचीच आहे. काय काय लागतं?" हा लेख त्यांच्यासाठी. मी आठ हंगाम इथल्या वाळूत गाडी चालवते आहे आणि गेली चार वर्षं नवख्यांच्या ड्राइव्हची आखणी करते.

सुरुवातीलाच पहिल्या हंगामातली एक सकाळ सांगते. आम्ही पाच गाड्या होतो. शेवटी कोण राहणार हे कोणी ठरवलंच नव्हतं. माझ्या मागे एक कुटुंब होतं, गाडीत दोन लहान मुलं. एका खळग्यात त्यांची गाडी रुतली आणि मी पुढच्या गाडीच्या नादात तीन टेकाडं ओलांडून गेले. आरशात बघायचं सुचलंच नाही. फोनला रेंज नव्हती. ते सापडायला चाळीस मिनिटं लागली. त्यांच्याकडे पाण्याची एकच बाटली उरली होती. मुलांची आई खिडकीची काच खाली करून एवढंच म्हणाली, "ताई, आम्ही हॉर्न वाजवत होतो." टेकाडाच्या पलीकडे हॉर्न ऐकू येत नाही. वाळू आवाज गिळते. त्या दिवसापासून माझी सगळी आखणी मागच्या गाडीपासून सुरू होते.

आधी माणसं ठरवा

एकट्या गाडीने वाळूत जायचं नाही. दोन गाड्याही कमीच. नवख्यांचा ड्राइव्ह असेल तर सहा ते आठ गाड्या, आणि त्यात किमान तीन अनुभवी. पहिली गाडी 'लीड', शेवटची 'स्वीप', आणि मधोमध एक जाणता माणूस, ज्याच्याकडे दोर आणि फावडी आहेत. लोक लीडला मान देतात, पण माझ्या मते सगळ्यांत अनुभवी माणूस स्वीपला हवा. लीडला फक्त वाट शोधायची असते. स्वीपला रुतलेली गाडी, घाबरलेला ड्रायव्हर आणि पुढे निघून चाललेला ताफा ही तिन्ही एका वेळी सांभाळायची असतात. आमच्या ग्रुपमध्ये एक सोलापूरचे काका हे काम करतात. पंचवीस वर्षं आखातात काढलेला माणूस, गाड्यांनी आपसात बोलायच्या रेडिओवर आवाज कधी चढत नाही.

नवखे ड्रायव्हर लीडच्या लगेच मागे ठेवायचे. शेवटी टाकायचे नाहीत. पुढच्या गाड्यांनी वाळू उकरून ठेवलेली असते आणि त्या भुसभुशीत चाकोरीतून जाणं मागच्यांना जास्त अवघड पडतं.

आठ गाड्यांहून जास्त का नको, याचा साधा हिशेब आहे. नवखी गाडी एका सकाळी दोनदा तरी रुततेच. पाच नवख्या गाड्या म्हणजे दहा वेळा, दर वेळी सरासरी पंधरा मिनिटं, म्हणजे अडीच तास नुसते वाळू उकरण्यात गेले. म्हणून पहिल्या ड्राइव्हला पंधरा किलोमीटरहून लांब वाट आखू नका. नकाशावर पंधरा किलोमीटर फारच कमी वाटतात. दुपारी बारा वाजता तसे वाटत नाहीत.

गरोदर बायका, मानेचं किंवा पाठीचं दुखणं असलेली माणसं आणि तान्ही मुलं यांना नेऊ नका. हे फोनवर सांगताना अवघड जातं, पण सांगायचंच. मोठ्या मुलांना नेलं तर सीटबेल्ट पूर्ण वेळ लावलेला हवा.

कोणती गाडी चालते

पॅट्रोल, लँड क्रूझर, प्राडो, पजेरो, रँग्लर, एक्सटेरा, एफजे या गाड्या इथल्या वाळूत रुळलेल्या आहेत. नाव काहीही असो, गाडीला लो-रेंज गिअर (कमी वेगात चाकांना जास्त ताकद देणारा) हवा आणि पोट जमिनीपासून पुरेसं उंच हवं. चारही चाकांना ताकद देणारी पण लो-रेंज नसलेली शहरी एसयूव्ही टेकाडांत नेऊ नका. ती सपाट वाळूत चालते आणि पहिल्या चढावर गिअरबॉक्स तापून बसते. बंपरखाली लोंबणारं प्लॅस्टिक असेल तर ते काढून घरी ठेवा, नाहीतर पहिल्याच उतारावर ते वाळूत राहील.

पुढचं काम कागदपत्रांचं. गाडीच्या विम्यात ऑफ-रोड धरलं आहे का, हे पॉलिसी उघडून स्वतः वाचा. एजंटाच्या तोंडी 'हो'वर जाऊ नका. भाड्याच्या गाड्यांच्या करारात वाळूत नेण्याला बहुतेक वेळा मनाई असते. आणि इथे अपघातात चेपलेल्या गाडीचं काम पोलिसांच्या रिपोर्टशिवाय गॅरेजवाले हातात घेत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

सगळ्यात आधी तपासायची गोष्ट म्हणजे गाडी ओढण्याचे हूक. पुढे आणि मागे, चॅसीला पक्के बसवलेले हवेत. ट्रेलर लावायचा जो गोल बॉल असतो, त्याला दोर कधीही अडकवू नका. ओढताना तो बॉल तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा उडतो आणि काच फोडून आत येतो. जगभरात अशी माणसं गेली आहेत. या बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही. हूक नसेल तर ती गाडी त्या दिवशी येत नाही.

वाट आखताना

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. ऑक्टोबरमध्ये आणि एप्रिलमध्ये पहाटे जाता येतं, पण दहाच्या आत बाहेर पडायचं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा नवख्यांनी वाळूचं नावच काढू नये. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाट धुकं पडतं. धुकं असेल तर पेट्रोलपंपावर चहा पीत थांबायचं, निघायचं नाही.

दुबईहून हत्ताकडे जाणाऱ्या ई-४४ रस्त्यावर आधी लहबाब लागतं, पुढे बदायर, मग मदाम. लहबाबची वाळू लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबडी आहे, फोटोत सुंदर येते. बदायरला 'बिग रेड' नावाचं सुमारे शंभर मीटर उंचीचं टेकाड आहे, पण सुट्टीच्या दिवशी तिथे क्वाड बाइक आणि बग्गींची जत्रा असते. माथ्यापलीकडून कोण कधी येईल याचा नेम नाही. नवख्यांना मी तिथे नेत नाही. मदामच्या आसपास आणि म्लेहाच्या बाजूला बसकी टेकाडं आहेत, मधून मधून सपाट पट्टे आहेत, डांबरी रस्ता जवळ आहे. तिथून सुरुवात करा. मदामला वाळूने अर्धी गिळलेली घरं आहेत, दारातून आत डोकावलं तर खोलीत छातीएवढी वाळू. मुलांना ते फार आवडतं. म्लेहाजवळच्या 'फॉसिल रॉक' डोंगरात समुद्री जीवांचे जीवाश्म सापडतात, कारण हा भाग कधीकाळी समुद्राखाली होता. तिथे जिथे कुंपण आहे तिथे आत शिरायचं नाही. राखीव क्षेत्रांतही परवानगीशिवाय गाडी न्यायची नाही, मग नकाशावर वाट दिसत असली तरी.

लिवाचं सगळ्यांनाच वेड असतं. अबुधाबीच्या दक्षिणेला, रब अल खाली या अफाट वाळवंटाच्या काठावर, तल मुरैबसारखं सुमारे तीनशे मीटरचं टेकाड तिथे आहे. जरूर जा, पण दोन हंगामांनंतर. आणि त्या बाजूच्या सबख्यापासून सांभाळा. सबखा म्हणजे मिठाची सपाट जमीन. वरून कडक पापडी, खाली चिखल. टेकाडात रुतलेली गाडी अर्ध्या तासात निघते, सबख्यात रुतलेली दिवसभरात निघेलच असं नाही.

आता थोडं वाऱ्याचं. इथला मुख्य वारा वायव्येकडून येतो, त्याला शमाल म्हणतात. त्यामुळे टेकाडाची वायव्येची बाजू साधारणपणे लांब, हलक्या चढाची आणि घट्ट असते. आग्नेयेची बाजू उभी आणि मऊ. सुमारे चौतीस अंशांचा उतार झाला की कोरडी वाळू आपोआप घसरू लागते, म्हणून ती बाजू कायम त्याच बेताची राहते. वायव्येकडून आग्नेयेकडे वाट आखली तर घट्ट बाजूने चढून मऊ बाजूने उतरता येतं, आणि नवख्याला ते सोपं जातं. अडचण एकच. हिवाळ्यात सूर्यही आग्नेयेलाच उगवतो, म्हणजे माथ्यावर पोचताच ऊन थेट डोळ्यांत. यासाठी मी पहिला तासभर दक्षिणेकडे किंवा नैऋत्येकडे चालते आणि ऊन वर आलं की मग वळते.

वाटेतून डांबरीवर किंवा पक्क्या मातीच्या रस्त्यावर निघायच्या दोन जागा आधीच हेरून ठेवा. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. कोणत्या भागात चाललो आहोत आणि किती वाजेपर्यंत बाहेर येऊ हे घरी राहिलेल्या एका माणसाला लिहून कळवा. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर त्याने ९९९ ला कळवायचं, हेही त्याच निरोपात लिहा.

बरोबर काय घ्यायचं

प्रत्येक गाडीत फावडं, हवेचा गेज, कॉम्प्रेसर, उंच काठीवरचा झेंडा आणि रेडिओ हवाच. झेंडा शोभेचा नसतो. माथ्यापलीकडून येणाऱ्या गाडीला तुमच्या गाडीआधी तो दिसतो. कॉम्प्रेसर बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा घ्या. सिगारेट लायटरवरचा छोटा पंप मोठ्या टायरला पुरत नाही, फ्यूज उडतो. रेडिओ इथे परवानगी असलेल्या प्रकारचाच वापरा. पुढेमागे कोणी सॅटेलाइट फोन घेतला तर सुट्टीवर गावी जाताना तो बॅगेत टाकू नका. भारतात परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियमचा असा फोन बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर माणसं त्यासाठी अडकलेली आहेत.

पाणी माणशी किमान पाच लिटर, एका सकाळसाठीसुद्धा. टाकी काठोकाठ भरून निघा, कारण वाळूत पेट्रोल रस्त्याच्या दुप्पट तरी धरावं लागतं. खाण्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्यांसारखं काही नाही, गरम करावं लागत नाही आणि हात पुसून खाता येतं. लिंबू, मीठ, साखर घातलेलं सरबत थर्मासमध्ये. पायात बंद बूट. सुटं सामान, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा, डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेपाशी ठेवू नका. माथ्यावरून उतरताना ती थेट कोणाच्या तरी डोक्यात जाते.

हवा काढणं

सगळ्या तयारीत हा भाग माझ्या सगळ्यात जवळचा, आणि नवखे इथेच कंजुषी करतात.

डांबरी रस्त्यावर टायरमध्ये पस्तीस पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं माप) आसपास हवा असते. वाळूच्या तोंडाशी थांबून ती पंधरावर आणायची. वॉल्व्हची टोपी काढून खिशात टाका, गेजच्या मागच्या टोकाने मधली पिन दाबा. हवा फुस्स करत निघते, बोटाला गार लागते. पिन दाबत असताना टायरच्या बाजूकडे बघा. हळूहळू तो पोटाशी फुगतो आणि जमिनीला टेकलेला भाग लांब होत जातो. याचसाठी सगळा खटाटोप. टायर रुंदीला फारसा वाढत नाही, लांबीला वाढतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. गाडीचं वजन जास्त वाळूवर पसरतं आणि चाक खाली जात नाही. उंटाचा तळवा बघा, पाय टेकताच तो पसरतो.

बरेच जण बाविसावर थांबतात, टायर 'बसका' दिसायला लागला की भीती वाटते. मग दर टेकाडाला रुततात आणि गाडीत ताकद नाही म्हणतात. पंधराच करा. तासभर चालल्यावर टायर तापून हवा दोन-तीन पीएसआयने वाढते, तेव्हा पहिल्या मुक्कामावर पुन्हा मोजा. दहाच्या खाली मात्र जाऊ नका, वळणावर टायर रिमवरून सुटतो. हवा कमी असताना स्टिअरिंग झटक्याने फिरवायचं नाही, याचंही कारण तेच.

वाळूवर

निघण्याआधी सगळ्यांना गोळा करून पाच मिनिटं बोला. गाड्यांना नंबर द्या आणि रेडिओवर नंबरानेच बोला. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचा, नाहीतर चाक जरा फिरलं की तो इंजिनची ताकद कापतो आणि नेमकी चढावर गाडी मरते.

पुढची गाडी माथा ओलांडून दिसेनाशी झाली, तिने "मोकळं" म्हटलं, की मगच तुम्ही चढ घ्यायचा. दोन गाड्या एका चढावर कधीच नाहीत. आणि दर टेकाडानंतर आरशात बघायचं. मागची गाडी दिसत नसेल तर सुरक्षित उतारावर थांबून रेडिओवर सांगायचं. तुम्ही थांबलात की पुढचा त्याच्या आरशात तुम्हाला शोधेल आणि थांबेल. असा निरोप न देताही अख्खा ताफा थांबतो.

चढ सरळ घ्या, माथा जवळ आला की पाय हलका करा, गाडी माथ्यावर अलगद पोटावरून सरकून पुढे झुकली पाहिजे. जोरात गेलात तर उडाल, फार हळू गेलात तर पोटावर टेकून लटकाल. उतार नेहमी नाक खाली ठेवून, सरळ. तिरकं उतरणं हा गाडी उलटण्याचा हमखास रस्ता. मागचा भाग बाजूला घसरायला लागला तर स्टिअरिंग उताराकडे वळवा आणि किंचित गॅस द्या. मन ब्रेककडे धावतं, पण ब्रेक नाही. चढ पूर्ण झाला नाही तर वळायचा प्रयत्न करू नका, त्याच चाकोरीतून सरळ मागे या आणि पुन्हा प्रयत्न करा.

थांबतानाही ब्रेक दाबायचा नसतो. ब्रेकने चाकापुढे वाळूचा ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो. गॅसवरून पाय काढला की गाडी आपोआप थांबते. थांबायची जागा उताराकडे तोंड करून निवडा.

माझ्या दुसऱ्या ड्राइव्हला काकांनी रेडिओवर सांगितलं होतं, "ताई, ब्रेक नको. नुसता पाय काढा. वाळूच थांबवते." आता मी ते नवख्यांना त्याच शब्दांत सांगते.

अकराच्या आत संपवायचं. पहाटेच्या दवाने वाळू थोडी घट्ट असते, ऊन चढलं की ती सुटी होते. शिवाय दुपारी सावल्या नाहीशा होतात आणि समोरचा खड्डा आणि उंचवटा एकाच रंगाचा दिसतो.

रुतल्यावर

गाडी पुढे जाईना की लगेच पाय काढा. चाकं फिरवत राहिलात तर दर सेकंदाला स्वतःचा खड्डा खोल करताय. उतरा, चारही बाजूंनी बघा. पोट टेकलंय का? मग आधी पोटाखालची वाळू काढा, मग चाकांपुढची, ज्या दिशेला निघायचंय त्या दिशेला. हवा बारावर आणा. बहुतेक गाड्या एवढ्यावरच, थोडं मागे घेऊन, निघतात. दोर काढायची घाई नको.

दोर लागलाच तर सगळे प्रवासी दोराच्या दुप्पट लांबीवर, बाजूला उभे राहतील, दोराच्या रेषेत कोणीही नाही. इशारे एकच माणूस देईल. इतरांनी हात हलवायचे नाहीत, मदत म्हणूनसुद्धा. दोराच्या मधोमध एखादी गोधडी किंवा जाड जॅकेट टाका, तुटला तर झटका खाली जातो. आणि ज्याची गाडी रुतली त्याला कोणी काही बोलणार नाही, हा नियम मी निघण्यापूर्वीच सांगते. घाबरलेला माणूस पुढच्या चढाला जास्त जोरात जातो.

झाडं आणि उंट

वाटेत एकटंदुकटं घाफचं झाड लागेल. तो इथला राष्ट्रवृक्ष, आणि आपली शमी. तीच, जिच्यावर पांडवांनी शस्त्रं ठेवली, राजस्थानात जिला खेजडी म्हणतात. मुळं खूप खोल जातात, म्हणून एवढ्या कोरड्यात ती हिरवी राहते. तिच्या सावलीत पथारी पसरा, पण बुंध्याजवळ गाडी नेऊ नका, फांदी तोडून शेकोटी करू नका. शेकोटी करायचीच तर लोखंडी शेगडी न्या आणि राख परत आणा. हंगामातल्या पहिल्या ड्राइव्हला आम्ही तिथे थांबतो आणि मुलांना शमीची पानं दाखवतो. इथे वाढलेल्या मुलांना दसऱ्याची गोष्ट अशी हाताला लागते.

उंट मोकाट दिसले तरी प्रत्येकाला मालक आहे. दिसले की वेग कमी, हॉर्न नाही, लांबून वळसा. उंटांच्या गोठ्याजवळून जाताना धूळ उडवू नका. तिथे राखण करणारी माणसं एकटीच असतात, त्यांना पाणी विचारा, नुसता सलाम केला तरी चालेल.

डांबरीवर परत

बाहेर आल्यावर आधी गाड्या मोजा. मग हवा भरा, पूर्ण पस्तीसपर्यंत. पंधरावर हायवेला गेलात तर टायरची बाजू तापून फुटते, आणि वाळूत सुखरूप राहिलेला माणूस डांबरावर जिवाला मुकतो. सगळ्यांची हवा भरून होईपर्यंत कोणी निघायचं नाही. कॉम्प्रेसर दोनच असतील तर यात पाऊण तास जातो, तो आखणीतच धरा. उरलेल्या दशम्या या वेळेसाठी ठेवाव्यात.

घरी गेल्यावर गाडीचं पोट पाण्याने धुऊन घ्या, एअर फिल्टर झटका, रिमच्या आत अडकलेली वाळू काढा, नाहीतर हायवेला स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग बिघडलं असं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर गार असताना हवा पुन्हा मोजा. एखाद्या टायरची कमी झाली असेल तर रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे आले तर तिथे वाळूचा कण अडकलेला आहे. पंक्चरवाल्याकडे टायर उघडून कडा पुसून घेतली की झालं.